मोर्चा मोबाइलमुळे उभा राहतो की केवळ दिसतो?

प्रश्न (पंचवटी, नाशिक)
मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला गेलेल्या किसान लाँग मार्चचा विषय निघाला की, तो समाजमाध्यमांमुळे यशस्वी झाला असे हमखास ऐकू येते. आपल्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह मात्र मोबाइलशिवाय वर्षानुवर्षे चालला. मग आंदोलनात मोबाइलचे नेमके काम कोणते? कृपया अनुभवासह लिहावे.

उत्तर (दिंडोरी तालुका)
त्या मोर्चात मी इगतपुरीपर्यंत चाललो आहे. आमच्या पाड्यावर निरोप आला तो मोबाइलवर नव्हे. लाल बावट्याचे, म्हणजे किसान सभेचे, कार्यकर्ते घरोघरी बसले, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत्या वनजमिनीच्या रखडलेल्या दाव्यांचे कागद त्यांनी पाहिले आणि कोण चालणार, कोणत्या घराने किती तांदूळ-पीठ द्यायचे हे तिथेच ठरले. वाटेत मात्र मोबाइलचे मोल कळले. फोन चार्ज व्हावा म्हणून डोक्यावर सौर पॅनेल घेऊन चालणाऱ्या शेतकऱ्याचे छायाचित्र आपणही पाहिले असेल. सोललेल्या तळपायांची छायाचित्रे तर आमच्या माणसांच्या आधी मुंबईत पोहोचली आणि लोक पाणी, बिस्किटे, चपला घेऊन रस्त्यावर आले. दहावीच्या परीक्षार्थींना अडचण नको म्हणून मोर्चेकरी रात्रीच चालत आझाद मैदानावर गेले, हेही शहराला मोबाइलवरच कळले.

उत्तर (नाशिक रोड)
त्याच वर्षी १ जुलै रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवर फिरलेल्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षुकांना ठार मारले, हे विसरता येत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. शिवाय इंटरनेट केव्हाही बंद होऊ शकते. अशी बंदी बेमुदत असू नये आणि तिचे आदेश प्रसिद्ध करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले खरे, पण ज्या आंदोलनाची सारी बांधणी फोनवरच आहे ते बंदीच्या थोड्या दिवसांतही विस्कटते.

प्रश्नकर्ता
दिंडोरीकर, मार्च २०२३ मध्ये पुन्हा निघालेल्या शेतकरी मोर्चाच्या वेळी तरी पाड्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता का?

उत्तर (दिंडोरी तालुका)
होता. निघण्याची वेळ आणि जमण्याचे ठिकाण त्यावरच कळले. पीठ गोळा करायला मात्र तेव्हाही माणूसच दारात आला.