मदत हवी आहे: सर्व्हरचा शेअर फोल्डर नव्या पीसीवर उघडत नाही, घरून रिमोटही बंद

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. मी ऑफिस आणि डिस्पॅच बघते, कॉम्प्युटरचं काही निघालं की तेही माझ्याकडेच येतं. आठ दिवस झाले, दोन गोष्टींनी जीव मेटाकुटीला आलाय.

सर्व्हर विंडोज २०१६ चा, आयपी फिक्स १९२.१६८.१.१०. त्यावर टॅली आणि 'ड्रॉइंग' नावाचा शेअर फोल्डर. बाकी पीसी विंडोज १० चे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ते एकेक बदलतोय. पहिला नवा आला तो विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्तीचा.

नव्यावर तो फोल्डर उघडतच नाही. पिंग जातो, म्हणजे सर्व्हर नेटवर्कवर सापडतो; पॉवरशेलमधून फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट तपासला, तोही लागतो. पण डबल क्लिक केलं की 'सुरक्षा धोरणामुळे पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून जाता येणार नाही' अशा अर्थाचा मेसेज येतो. शेजारच्या विंडोज १० ची केबल काढून याला लावली, नेटवर्क पब्लिकचं प्रायव्हेट केलं, काही फरक नाही. सर्व्हरवर शेअरिंगला पासवर्ड नाही, 'एव्हरीवन'ला पूर्ण हक्क. आधीच्या माणसाने तसंच ठेवलं होतं.

दुसरं म्हणजे, आमची डिझाइनर सिन्नरहून रिमोट डेस्कटॉपने काम करायची. मागच्या महिन्यात इंटरनेट कनेक्शन बदललं आणि ते बंद पडलं. ऑफिसच्या आतून रिमोट लागतो, बाहेरून नाही. राउटरवरचा पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेला रिमोट आतल्या मशीनकडे वळवणारी सेटिंग) जसाच्या तसा आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतो, ब्राउझरमध्ये पाहिलं तर भलताच दिसतो. परवा एका बोअरचं माप पाच शतांश मिलिमीटरने बदलायला ती बिचारी तान्ह्या बाळाला सासूकडे ठेवून गाडीवर अंबडला आली. मला ते बघवलं नाही.

आमचा नेटवर्कवाला म्हणतो, रिमोटचा ३३८९ आणि ४४५ हे दोन्ही पोर्ट बाहेर उघडा, नव्या पीसीवर एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा. माझं मन धजत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच एसएमबी १ च्या भोकातून जगभर पसरला होता. बारा वर्षांची ड्रॉइंग्ज आहेत, त्यातली बरीचशी गिऱ्हाइकांची. ती गेली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दुसरा रस्ता आहे का?

प्रतिसाद १
ताई, तुम्ही ऐकलं नाहीत ते फार बरं केलंत. दोन्ही दुखणी वेगवेगळी आहेत.

फोल्डरचा एसएमबी १ शी संबंध नाही. २४एच२ पासून प्रो आवृत्तीत गेस्ट प्रवेश बंद आहे आणि साइनिंग (प्रत्येक संदेशावर पासवर्डच्या आधाराने केलेली सही) सक्तीचं आहे. गेस्टला पासवर्डच नाही, मग साइन कशाने करणार? सर्व्हरवर प्रत्येकाचा युजर आणि पासवर्ड करा, फोल्डरला त्यांनाच हक्क द्या, 'एव्हरीवन' काढा, गेस्ट बंद करा. विंडोज १० वालेही मग पासवर्ड मागतील, म्हणून सुट्टीच्या दिवशी करा. १२१९ एरर (एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या युजरने जोडल्याची) आली तर जुनं मॅपिंग काढून पीसी रीस्टार्ट करा.

रिमोटचं कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. १००.६४ ते १००.१२७ हे आयपी इंटरनेट कंपनीच्या आतले असतात आणि बाहेरचा एकच आयपी ती अनेक ग्राहकांत वाटते, त्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. स्टॅटिक आयपी घेतलात तरी ३३८९ उघडू नका. आधी उघडा होता तोही फॉरवर्ड काढून टाका. टेलस्केलसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, बंदिस्त रस्ता) आतून बाहेर जोडतो, त्यामुळे सीजीनॅटमधूनही चालतो.

मूळ लेखिका
दादा, मनापासून आभार. शनिवारी सुट्टीत बसून सगळे युजर केले. नव्या पीसीवर फोल्डर उघडला. १२१९ दोन पीसींवर आलीच, रीस्टार्टने गेली. व्हीपीएन टाकल्यावर सिन्नरहून रिमोट लागला. तिने पहिली शीट उघडून मला फोटो पाठवला.

आता झेरॉक्स मशीनचं 'स्कॅन टू फोल्डर' अडलंय, ते आजवर गेस्टनेच जात होतं. त्याला फक्त 'स्कॅन' फोल्डरपुरता वेगळा युजर देणार आहे. मशीन जुनं आहे, एसएमबी २ येत नसेल तर मेलवर स्कॅन घेणं बरं, की सर्व्हरवर एफटीपी (फाइल पाठवायची दुसरी पद्धत)? कुणी केलं असेल तर सांगा.