कॅमेरा घरी ठेवला की पक्षी जास्त कळतो म्हणे!

माळावरचा (धागाकर्ता)
आमच्या पक्षीमित्रांच्या गटात गेल्या आठवड्यात एक उपदेश फिरत होता. सार एवढंच: लेन्सवाल्यांना पक्षी कळत नाही, त्यांना फक्त फ्रेम दिसते. शिकायचं असेल तर दुर्बीण आणि वही घ्या, कॅमेरा घरी ठेवा. खाली अंगठ्यांची रांग. मी तिथे उत्तर दिलं तर 'वाद नको' म्हणून काढून टाकलं. म्हणून इथे.

वहीचं एवढं कौतुक आहे ना, मग वन पिंगळ्याचं काय झालं ते आठवा. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा पुरावाच नव्हता. मध्ये १९१४ सालचा, गुजरातेतला म्हणून एक नमुना (मारून जतन केलेला पक्षी) होता, कर्नल माइनर्ट्सहागेन या इंग्रज पक्षी अभ्यासकाच्या नावावर. साहेब नामवंत, नोंदी एकदम टापटीप. पुढे निघालं काय, तर नमुना संग्रहालयातून चोरलेला आणि त्यावरची चिठ्ठी बदललेली! ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, किंग आणि ॲबट हे अभ्यासक शोधत आले, तेव्हा १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ पिंगळा समोर बसलेला सापडला. आणि पुरावा म्हणून त्यांनी काय नेलं? चित्रीकरण आणि फोटो.

दुसरं, माझं स्वतःचं. माळावर डोक्यावरून भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) गेला की हातात दोन-तीन सेकंद असतात. मादी किंवा त्या वर्षीचं पिल्लू असेल तर माँटेग्यूचा भोवत्या की पांढुरका भोवत्या, हे त्या वेळात सांगणारा मला अजून भेटायचाय. फोटो मोठा करून मानेभोवतीची फिकट पट्टी बघितली, पंखांच्या टोकाच्या पिसांचा रंग तपासला, तेव्हा कुठे फरक डोक्यात बसला. हे शिकणं नव्हे तर काय आहे?

खडूस काका
तो 'उपदेश' माझा होता. नाव घ्यायला लाज वाटली वाटतं.

पिंगळ्याची गोष्ट छान रंगवलीत. पण चोर माणूस होता, वही नव्हे. फोटो काय सत्यवचनी असतात? घुबडामागे चिकटवलेला चंद्र मला दर पौर्णिमेला कुणी ना कुणी पाठवतं.

सलीम अलींनी १९३० साली किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर ठाण मांडलं. नर अर्धं घरटं विणतो, मग मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते. ती बसली की हे महाराज दुसरं घरटं विणायला मोकळे, दुसरीसाठी! एवढा संसार त्या माणसाने बसून बसून उलगडला. तुमच्या हार्ड डिस्कवर सुगरणीचे फोटो ढिगाने असतील, आणि प्रत्येकात पिवळा नर पंख फडफडवत लटकलेला. एकात तरी मादी आत शिरून घरटं तपासताना आहे का?

आयटीतलं पाखरू
काका, सलीम अली बंदूकही बाळगायचे. पक्षी मारून नमुने गोळा करायचे. त्यापेक्षा आमचं शटर परवडलं.

खडूस काका
आला का हा मुद्दा! पक्ष्यांच्या प्रत्येक धाग्यात येतो. त्या काळी तीच रीत होती, सगळे तसंच करायचे. तुम्हाला आज कोणती सक्ती आहे ते सांगा.

माळावरचा
काका, मंगोलियात गळ्यात क्रमांकाचे पट्टे घातलेले पट्टकादंब आपल्याकडे दक्षिणेत दिसले. ते आकडे वाचले म्हणून कळलं ना कोण कुठून आलं? दूरवरच्या बदकाच्या गळ्यातला आकडा टिपायला लेन्स लागते.

खडूस काका
टेलिस्कोप नावाची वस्तू असते. आणि पट्टकादंब हा हंसाच्या जातीचा, त्याला बदक म्हणणाऱ्याने शिकण्यावर धागा काढावा!

वसुधा चिपळूण
तुमची जुगलबंदी चालू द्या. मी आमच्या घरामागच्या दरडीचं सांगते.

पावसाला सुरुवात झाली की तिबोटी खंड्या येतो. मातीच्या दरडीत बीळ करतो, वरून एखादी वेल किंवा फांदी लोंबत असली तर त्याला बरं, बिळाचं तोंड झाकतं. मग शनिवारी गाड्या येतात. फांदी फ्रेममध्ये आडवी येते, म्हणून कापतात. बिळासमोर स्वतःची काठी रोवतात, शेवाळ लावलेली, म्हणजे फोटो 'नैसर्गिक' दिसेल. पक्षी सापसुरळी चोचीत धरून येतो, समोर माणसांची भिंत. तो लांबच्या फांदीवर बसून राहतो, मान वर-खाली करत, भक्ष्य तसंच चोचीत. आत पिल्लं. मी खिडकीतून बघते तर हे खुशीत: 'काय मस्त पोज देतोय!' अहो, तो पोज देत नाहीये, तो अडकलाय. फांदी गेल्यावर बीळ उघडं पडतं ते निराळंच, धामणीला आयतं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. तेव्हा बंदुकीचे टोमणे जरा जपून मारा, पाखरू.

माळावरचा
वसुधाताई, फांदी कापणारा नालायक, यात दुमत नाही. पण तो लेन्समुळे नालायक झाला का? मोबाईलवर नवरंगाचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवून त्याला झुडपाबाहेर काढणारे बघितलेत? त्यातल्या कित्येकांकडे नुसती दुर्बीण असते. पक्षी दिसला, यादीत खूण केली, चला पुढे. ऐन विणीत बिचारा हद्द राखायला धावत येतो आणि समोर प्रतिस्पर्धीच नाही.

मीनल ठाणे
यादीवाल्यांबद्दल +१००. आमच्या गटात एक जण तर गाडीतून न उतरता 'झाला, झाला' म्हणतो.

आयटीतलं पाखरू
म्हणजे फिरून फिरून सगळा दोष हौशी लोकांचा. भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर जाऊन बघा, तिथे नाववालेच रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यात नाव घालून ते उडवतात. पैसे काढायचा धंदा आहे. आम्ही तर नुसते बसलेले असतो.

कुंभारगावचा
मी नुसतं वाचत असतो, पण हे लय झालं. माझी स्वतःची नाव आहे. थवा कोण उडवतं ते ऐका.

उजाडताना पुण्याकडनं गाडी येते. चार जणं, चार तोफा. नावेत बूड टेकायच्या आत पहिला प्रश्न, 'फ्लाइट शॉट मिळेल ना?' मी म्हणतो, थांबा, ऊन वर आलं की आपसूक उडतील. दहा मिनिटं झाली की चुळबुळ. मग 'दादा, जरा पुढं घ्या'. मग 'अजून जरा'. मग एक जण नोट दाखवतो. नाही म्हणलं तर घरी जाऊन एक चांदणी देतो आणि लिहितो, नाववाला सहकार्य करत नाही. पुढच्या शनिवारी गिऱ्हाईक शेजारच्या नावेत.

रोहित उडायच्या आधी सगळं सांगतो, बघणारा पाहिजे. चरताना डोकं उलटं करून चोच चिखलात असते. नाव जवळ आली की कडेच्या दोन-चार पक्ष्यांच्या माना वर होतात. तिथंच बांबू रोवून नाव थांबवायची. त्यांची डोकी परत खाली गेली तर बरं. पण सगळ्या थव्याच्या माना उभ्या झाल्या, आणि सगळे एका तोंडाने चालायला लागले, की संपलं. आता पाण्यावर पळणार आणि उठणार. मला हे कुणी शिबिर घेऊन शिकवलेलं नाही. वडील मासे धरायचे, त्यांना पक्ष्यांचं घेणंदेणं नव्हतं.

आणि 'पैसे काढायचा धंदा' म्हणालात. उजनी १९८० ला झाली. आमच्या आज्याची जमीन तिच्या पोटात आहे. पाणी आटल्यावर पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा तुम्ही ड्रोन घेऊन येता. आमचे बांध पण तेव्हाच उघडे पडतात, त्यांचा फोटो कुणी काढत नाही. जाळ्याला आता पहिल्यासारखा मासा लागत नाही. हिवाळ्यात पक्ष्यांवर चूल पेटते, ती आम्ही हातानं विझवू का?

आयटीतलं पाखरू
दादा, राग मानू नका. पण माणूस पहाटे तीनला उठून, पैसे मोजून येतो, तर काहीतरी अपेक्षा असणारच ना? सगळेच काही नोटा दाखवत नाहीत.

कुंभारगावचा
पैसे नावेचे देता, पक्ष्यांचे नाही.

मीनल ठाणे
टाळ्या! पण दादा, एक विचारू का? तुम्ही सगळे नाववाले मिळून 'इथून पुढे नाही' असं का ठरवत नाही? ठाण्याच्या खाडीवर मी बोटीतून गेले तेव्हा लांबूनच दाखवले, आणि कुणी कुरकुर केली नाही.

कुंभारगावचा
ठरवलं होतं ताई. सोमवार ते शुक्रवार टिकतं.

गोड शेव
पट्टकादंब आलेत का हो अजून? या रविवारी यायचा विचार आहे. नाव किती घेते? फॅमिलीबरोबर आहे, नाश्त्याची सोय होईल का?

खडूस काका
वा! घ्या, आलं गिऱ्हाईक.

कुंभारगावच्या भावाचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माना वर होण्याचं जे लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, आणि मी हे सहसा कबूल करत नाही. पण धागाकर्त्याने हुरळून जाऊ नये. त्यात कॅमेरा कुठेच नाही.

माळावरचा
वहीसुद्धा नाही, काका.

खडूस काका
बरं. पंखांची पिसं तपासण्यापुरता तुमचा कॅमेरा मान्य. घरी बसून तपासत बसा, तेवढा वेळ तरी पक्षी सुटतील.

वसुधा चिपळूण
सगळे भिगवणच्या पाण्यात उतरलात, माझी दरड तशीच राहिली. निदान एवढं तरी ठरवा की घरट्याची जागा कुठे टाकायची नाही. एकाने टाकली की पुढच्या शनिवारी दहा गाड्या.

माळावरचा
पूर्ण सहमत. मी कधीच जागा लिहीत नाही.

वसुधा चिपळूण
लिहीत नाही, पण गेल्या पावसाळ्यातल्या तुमच्या तिबोटीच्या फोटोत मागे पुलाचा कठडा स्पष्ट दिसतोय.

माळावरचा
ताई, कोकणात पूल काय कमी आहेत?

वसुधा चिपळूण
निळ्या रंगाने 'हळू जा' लिहिलेला एकच आहे. त्याच आठवड्यात फांदी गेली.

आयटीतलं पाखरू
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.