ढग येतात, पण सोलापुरात बरसत का नाहीत?

कुणीतरी विचारलंय की जून-जुलैत आपल्याकडे एवढा वारा सुटतो, ढगही पळताना दिसतात, मग पाऊस जातो कुठे? तो घाटमाथ्यावरच पडून जातो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापुरात त्याच्या पाचव्या भागाइतकाही नाही. शिवाय घाट उतरताना कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते, त्यामुळे उरलेसुरले ढगही विरतात. झाडं लावली की पाऊस वाढेल असं काही जण म्हणतात; झाडं जरूर लावा, पण हा डोंगराचा परिणाम त्यांनी पुसला जाणार नाही.

आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. पश्चिमेचा वारा मंदावतो, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात आणि पूर्वेकडून ओल येते. दुपारी जमीन तापली की संध्याकाळी गडगडाटासह कोसळतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीची पेरणी याच ओलीवर होते. म्हणून जुलैतल्या उघडिपीपेक्षा मला उत्तरा-हस्त या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाच्या नक्षत्रांतला खंड जास्त धास्तावतो. आणि उजनी धरण? ते भरतं ते भीमेच्या वरच्या खोऱ्यातल्या, म्हणजे पुन्हा घाटातल्याच पावसावर.