मदत हवी आहे: चाळीतून टॉवरमध्ये आलेल्या आईचा दिवस कसा जाईल?

वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात जण वाढलो. आता पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळालंय आणि राहतो तिघंच. भाऊ विरारला, काका-काकू गावी. घराबद्दल तक्रार नाही. संडास घरात आला यातच आई निम्मी खूश! पण गॅलरीत मेथी निवडता निवडता गप्पा व्हायच्या, त्या गेल्या. परवा वाटीभर खीर घेऊन समोरच्या बंद दारापर्यंत गेली आणि बेल न वाजवताच परतली. आम्ही दोघं रात्री आठला येतो. जुन्या शेजारणी याच इमारतीत आहेत, पण वेगळ्या मजल्यांवर, आणि आईला लिफ्टची धास्ती. तुमच्याकडे कुणी दुपारचं भजनी मंडळ वगैरे सुरू केलंय का? सोसायटीकडे जागा कशी मागितलीत?