तिआनतान: १८९६ सालची इमारत '६०० वर्षं जुनी' कशी?

घडीव_दगड (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात कामानिमित्त बीजिंगला जाऊन आलो. एक रविवार मोकळा मिळाला, तो तिआनतानला दिला. आपल्याकडे त्याला 'स्वर्गमंदिर' म्हणतात. एकावर एक तीन निळी छपरं असलेली ती गोल वास्तू फोटोत तरी सगळ्यांनी पाहिलेली असते. आमच्या गाइडबाई ठासून सांगत होत्या, ६०० वर्षं जुनं आणि एकही खिळा नाही. मीही माना डोलावल्या.

रात्री हॉटेलवर वाचत बसलो आणि चाट पडलो. १८८९ साली वीज पडून ते अख्खं देऊळ जळालं. आज उभं आहे ते १८९६ मध्ये पुरं झालेलं. एवढ्या उंचीच्या खांबांना लागणारं थोराड लाकूड तोवर चीनच्या जंगलांत मिळेनासं झालं होतं, म्हणून ते अमेरिकेतल्या ओरेगॉनहून मागवलं. आत सोडत नाहीत, त्यामुळे दारातून मान वाकडी करून ज्या १९ मीटरच्या खांबांकडे मी आ वासून पाहत होतो, ते माझ्या पणजोबांच्या काळातले आणि तेही अमेरिकन!

पुन्हा बांधलं याबद्दल तक्रार नाही. पण १४२० हे साल मोठ्यांदा सांगायचं आणि १८९६ तोंडातल्या तोंडात, हे मला फसवणुकीसारखं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

चिंचेचं_पान

असहमत. तुम्ही 'मूळ' म्हणजे नक्की कोणतं धरताय? १४२० मध्ये योंगल सम्राटाने बांधलं ते गोल नव्हतंच. तो चौकोनी सभामंडप होता आणि तिथे आकाश आणि पृथ्वी दोघांची पूजा एकत्र होई. पुढे ज्याजिंग सम्राटाला शास्त्र आठवलं. त्याने १५३० मध्ये दोघांची फारकत केली, पृथ्वीसाठी शहराच्या उत्तरेला वेगळी जागा दिली आणि दक्षिणेला आकाशासाठी उघडी वेदी बांधली. जुना मंडप पाडून त्या जागी गोल मंदिर आलं ते १५४५ मध्ये. त्याची छपरंही तेव्हा तीन रंगांची होती: वर निळं, मध्ये पिवळं, खाली हिरवं. सगळी निळी झाली ती १७५१ मध्ये, छ्येनलोंग सम्राटाच्या हुकमाने. त्याच वेळी 'छीन्येनत्येन' हे आजचं नाव मिळालं. म्हणजे चांगल्या पिकासाठी प्रार्थना करण्याचा मंडप.

तेव्हा जे जळालं तेही 'मूळ' नव्हतं. १८९६ हा त्याच रांगेतला पुढचा टप्पा.

घडीव_दगड

हे तर माझ्याच बाजूचं झालं! १४२० च्या इमारतीचा आकारही वेगळा, रंगही वेगळा, नावही वेगळं. मग ६०० वर्षं जुनं काय, जमीन?

सुतारपक्षी

मी लाकडी बांधकामांच्या दुरुस्तीत बारा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा रागाने लिहितो. दगडी देवळाचं वय मोजायची फूटपट्टी लाकडाला लावू नका. लाकूड सडतं, जळतं, वाळवी खाते, बदलावं लागतंच. टिकवायची असते ती मांडणी. मधले चार खांब चार ऋतूंचे, त्यांच्याभोवतीचे बारा महिन्यांचे, बाहेरचे बारा दिवसाच्या बारा प्रहरांचे (त्यांचा प्रहर दोन तासांचा). एकूण २८, म्हणजे चंद्राची २८ नक्षत्रं. पायथ्यापासून कळसापर्यंत ३८ मीटर उंचीचा हा डोलारा लाकडं एकमेकांत अडकवून उभा आहे. १८९० मध्ये काम सुरू झालं तेव्हा मूळ आराखडे हाताशी नव्हते आणि पूर्वी दुरुस्तीला असलेल्या कारागिरांच्या आठवणीवरून मापं बसवली, असं सांगतात. खरं असेल तर तुम्ही नक्कल म्हणता त्याला मी परंपरा म्हणेन. ते ज्ञान माणसांच्या हातांत होतं.

जपानमधलं इसे देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. १९९४ मध्ये नारा इथे जगभरचे संवर्धक जमले आणि अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या कसोट्यांवर जोखावा, सगळीकडे एकच मोजमाप नको, असं त्यांनी लिहून ठेवलं. युनेस्कोने तिआनतानला जागतिक वारसा म्हटलं ते त्यानंतर, १९९८ मध्ये.

घडीव_दगड

इसेला लोकांना वीस वर्षांचं चक्र ठाऊक असतं, तिथे कुणी लपवत नाही. माझा आक्षेप न सांगण्याला आहे, बदलण्याला नाही. आणि कारागिरांची आठवण वगैरे ठीक, पण लाकूड ओरेगॉनचं हा मुद्दा तुम्ही सफाईने टाळलात.

सुतारपक्षी

टाळला नाही, राहिला. अस्सल लाकूडच बघायचं असेल तर बीजिंगबाहेर योंगलच्या समाधीवर, छांगलिंगला जा. १४२७ चा मंडप आहे, नानमू लाकडाचे ६० खांब. तो जळला नाही. नैर्ऋत्येच्या डोंगरांतून ते ओंडके कसे आणले असतील या विचाराने मी तिथे तासभर बसलो होतो. पण गंमत बघा, तिथे गर्दी नसते.

उत्तरमुखी

बीजिंगमध्ये सात वर्षं राहते आहे. तुम्ही दोघं चुकीच्या इमारतीवरून भांडताय असं वाटतं. 'तान' म्हणजे देऊळ नाही, वेदी, चौथरा. 'स्वर्गमंदिर' हे भाषांतरच दिशाभूल करतं. मूर्ती नाही, गाभारा नाही, प्रसाद नाही, आणि सामान्य माणसाला प्रवेशही नव्हता. मुख्य विधी त्या निळ्या छपराखाली होतच नसे. तो दक्षिणेच्या उघड्या गोल वेदीवर, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, उजाडण्यापूर्वी. त्याआधी सम्राट तीन दिवस उपास करी. एरवी तो सिंहासनावर दक्षिणेकडे तोंड करून बसायचा आणि जग त्याच्यापुढे वाकायचं. वर्षातून या दिवशी तो उत्तरेकडे वळून स्वतः गुडघे टेकायचा. तीन वेळा गुडघ्यावर, नऊ वेळा कपाळ जमिनीला. शेजारच्या भट्टीत अख्खं वासरू जाळत. (शाकाहारी सदस्यांनी मनाला लावून घेऊ नये.)

त्या वेदीवर छप्परच नाही, कारण वर आकाश आहे. मधोमध एक गोल शिळा, तिच्याभोवती ९ फरशा, मग १८, मग २७, अशा वरच्या चौथऱ्यावर ८१ पर्यंत. खालच्या दोन चौथऱ्यांवर हीच मोजणी पुढे चालते आणि शेवटच्या वर्तुळात २४३ होतात. मी एकदा मोजायला घेतलं, चौथ्या वर्तुळात कुणीतरी सेल्फीसाठी मध्ये उभं राहिलं.

घडीव_दगड यांच्यासाठी: ही वेदीसुद्धा पूर्वी निळ्या चकचकीत फरशांची होती. पांढऱ्या दगडाची आणि मोठी झाली ती १७४९ मध्ये.

रोखठोक_काकू

मग खरं तर वेदी मेलेली आहे असं म्हणा ना. सम्राट गेला १९१२ मध्ये. १९१४ ला युआन शिखाय चिलखती मोटारीतून आला आणि राष्ट्राध्यक्ष असूनही जुना विधी करून गेला. पुढच्या वर्षी त्याने स्वतःलाच सम्राट घोषित केलं, पण ते काही महिन्यांतच आटोपलं. त्यानंतर आकाशापुढे वाकणारं कुणी उरलं नाही. १९१८ पासून बाग! लाकूड नवं की जुनं यावर काथ्याकूट कशाला, आतला जीवच गेला आहे.

उत्तरमुखी

काकू, जीव गेला नाही, बदलला. ज्या लांब पडवीतून नैवेद्याचं सामान वाहून नेत, तिथे आता रोज सकाळी म्हातारी माणसं पत्ते कुटतात, गातात, विणकाम करतात. जवळच आई-वडील मुलांची वयं, शिक्षण आणि पगार कागदावर लिहून स्थळं शोधत बसलेले असतात. आपल्याकडच्या वधूवर मेळाव्यात हरवलेला माणूस तिथे सहज रमेल.

चिंचेचं_पान

अवांतर, पण आपला एक धागा तिथे गुंतलेला आहे. १९०० मध्ये परकीयांविरुद्धचा बॉक्सर उठाव मोडायला आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, तेव्हा तिआनतानमध्ये ब्रिटिशांचा तळ पडला होता. त्यात हिंदी शिपाईही होते. रेल्वेसुद्धा तिथवर आणली. जिथे सम्राट उपास धरून पाय ठेवत होता, तिथे खेचरं बांधली गेली. इमारत तेव्हा चार वर्षांची होती!

घडीव_दगड

हे माहीत नव्हतं. पाटीवर हेही हवं. वेदीचा मुद्दा पटला, माझं लक्ष खरंच निळ्या छपरावरच होतं. पण मूळ तक्रार कायम आहे: '१४२०, १५४५, १७५१, १८९६' एवढ्या चार आकड्यांना किती जागा लागते? उलट गोष्ट जास्त रंगतदार होते.

सुतारपक्षी

एवढ्यापुरता सहमत. आकडे लिहावेत. 'नक्कल' हा शब्द मात्र मागे घ्या.

घडीव_दगड

मी 'नक्कल' लिहिलंच नव्हतं, ते तुमच्याच प्रतिसादात आलं. वर जाऊन बघा.

उत्तरमुखी

भांडण मिटत असेल तर एक सांगते. तिथे ३५०० हून जास्त जुने वृक्ष आहेत, बरेचसे सायप्रस. 'नऊ ड्रॅगनांचा सायप्रस' नावाचा एक आहे, खोडाला दोरखंडासारखे पीळ पडलेले. तो योंगलच्याच काळात लावला असं मानतात. तो जळला नाही, कुणी पाडला नाही, निळा रंगवला नाही. त्याला बघितलंत का?

घडीव_दगड

नाही. गाइडबाईंनी झाडांपाशी थांबूच दिलं नाही, बस सुटेल म्हणाल्या.