जिंकून देणाऱ्या कोचला नारळ कधी द्यावा? (अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल)

रिबाउंडर (धागाकर्ता)

मार्च २०१३, एनसीएए टूर्नामेंट (अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा), ऑस्टिन. सलामीच्या सामन्यात अकराव्या सीडच्या (मानांकनाच्या) मिनेसोटाने सहाव्या सीडच्या यूसीएलएला ८३-६३ असं धुतलं. दोन दिवसांनी यूसीएलएने कोच बेन हाउलंडला नारळ दिला. त्याच दिवशी मिनेसोटा फ्लोरिडाकडून हरलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही टबी स्मिथला घरी पाठवलं. हरलेल्याचा कोच गेला आणि त्याला हरवणाऱ्याचाही.

हाउलंडने २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षं संघ फायनल फोरमध्ये (शेवटच्या चारांत) नेला होता. ज्या सीझननंतर त्याला काढलं, त्या सीझनमध्ये तर यूसीएलएने पॅक-१२ ही आपली लीग जिंकली होती. मिनेसोटाविरुद्ध यूसीएलएचा जॉर्डन अ‍ॅडम्स खेळूच शकला नाही, कारण आठवडाभर आधी लीगच्या सेमीफायनलमध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं.

माझं म्हणणं असं की एका मार्चवरून कोचचा निकाल लावू नये. टूर्नामेंट एका पराभवात संपते. चाळीस मिनिटांत तीन-पॉइंटर लागले नाहीत, की वर्षभराची मेहनत पाण्यात. लीगमधले अठरा-वीस सामने संघ कसा आहे ते जास्त खरं सांगतात. म्हणून अ‍ॅथलेटिक डायरेक्टरने (युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाने) आधी तीन गोष्टी तपासाव्यात. सलग तीन सीझनमध्ये लीगमधलं स्थान घसरतंय का? पुढच्या वर्षी परतणारे खेळाडू एकूण मिनिटांपैकी किती मिनिटं खेळलेले आहेत? आणि याच्यापेक्षा चांगला कोच खरोखर येणार आहे का? तिसऱ्याचं उत्तर हातात नसेल तर खुर्चीला हात लावू नये.

टेक्सासने २०१५ मध्ये रिक बार्न्सला काढलं. १७ सीझनमध्ये १६ वेळा टूर्नामेंट, २००३ ला फायनल फोर. त्याच्या जागी आलेल्या शाका स्मार्टला सहा सीझनमध्ये टूर्नामेंटचा एकही सामना जिंकता आला नाही. बार्न्सने मात्र टेनेसीला २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं एलीट एटपर्यंत (शेवटच्या आठांत) नेलं.

साइडलाइन

टेक्सासबद्दल सहमत, हाउलंडबद्दल साफ असहमत. २००८ नंतरची पाच वर्षं तुम्ही गाळलीत. २००९-१० मध्ये १४-१८ (१४ विजय, १८ पराभव). २०१२ ला पुन्हा टूर्नामेंट हुकली. पाच सीझनमध्ये टूर्नामेंटचे फक्त दोन विजय. हा एका रात्रीचा अपघात नव्हता. लीगमधल्या स्थानाऐवजी टूर्नामेंट बघितली तर उतार दिसतोच, २०१३ चं लीगचं विजेतेपद आलं म्हणून तो नाहीसा होत नाही. त्याच्यानंतर आलेल्या स्टीव्ह अल्फर्डने पहिल्या चार सीझनमध्ये तीनदा स्वीट सिक्स्टीन (शेवटचे सोळा) गाठलं.

आणि कनेक्टिकट? केव्हिन ऑलीने २०१४ ला राष्ट्रीय विजेतेपद आणलं. पुढे १६-१७ आणि १४-१८ असे दोन सीझन गेल्यावर २०१८ मध्ये त्याला काढलं. डॅन हर्ली आला, त्याचाही पहिला सीझन १६-१७ च गेला, पण २०२३ आणि २०२४ ची विजेतेपदं त्यानेच जिंकली. चार वर्षांपूर्वीच्या ट्रॉफीकडे बघत बसले असते तर हे झालं नसतं.

कलम_सात

ऑलीचं उदाहरण देताना त्याचं बिल विसरू नका. युनिव्हर्सिटीने त्याला नियमभंगाचं कारण देऊन काढलं, म्हणजे उरलेला पगार द्यायचा नाही असा पवित्रा. पण तो प्राध्यापकांच्या युनियनच्या कराराखाली येत होता आणि काढण्यासाठी 'योग्य कारण' सिद्ध करण्याची अट त्या करारात होती. २०२२ मध्ये लवादाने १.१ कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायला लावली. एनसीएएने ऑलीवर कारवाई केली होती, तरीही.

केंटकीची चूक उलट होती. तिथला कोच बिली गिलिस्पी दोन सीझन पक्क्या करारावर सहीच न करता एका सामंजस्यपत्रावर काम करत होता. २००९ मध्ये काढल्यावर तो कोर्टात गेला आणि सुमारे ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

त्यामुळे काढण्याआधी करार पुढ्यात घेऊन बघायचं: बायआउट (करार मुदतीआधी मोडल्याची भरपाई) एकरकमी की हप्त्यांत, कोणत्या तारखेनंतर तो कमी होतो, आणि दुसरीकडे नोकरी लागली तर तो पगार त्यातून वजा होतो का. हे वजावटीचं कलम नसेल तर तुमचे पैसे घेत तो दुसऱ्या संघाला जिंकून देतो. नव्या कोचचाही जुन्या युनिव्हर्सिटीशी बायआउट असतो, तो वेगळा. यूसीएलएने अल्फर्डला ३१ डिसेंबर २०१८ ला, ७-६ वर असताना काढलं. हाताशी तीन महिने होते. तरी त्यांना हवे असलेले जेमी डिक्सन आणि बार्न्स या दोघांच्या वेळी बायआउटच आडवा आला. मिक क्रोनिन आला तो एप्रिलमध्ये.

साइडलाइन

आणि त्याच क्रोनिनने २०२१ ला फर्स्ट फोरपासून (मुख्य फेरीआधीच्या पात्रता सामन्यांपासून) सुरुवात करून फायनल फोर गाठलं.

रिबाउंडर

हाउलंडच्या पाच वर्षांचा मुद्दा मान्य, माझं उदाहरण कच्चं होतं. पण मिनेसोटाचं काय? स्मिथ सहा सीझनमध्ये तीनदा टूर्नामेंटला गेला. त्यानंतर रिचर्ड पिटिनो आठ सीझनमध्ये दोनदा. पुढचा बेन जॉन्सन चार सीझनमध्ये एकदाही नाही. मिनेसोटाला आपली मजल कुठवर जाते हेच कळलं नव्हतं, असं मी ठामपणे म्हणेन. यूसीएलए किंवा केंटकीची खुर्ची रिकामी झाली की देशातले निम्मे कोच फोन उचलतात. मिनेसोटाला ती चैन नाही.

पोर्टलवाला

तुम्ही सगळे जुन्या काळाचा हिशेब मांडताय. पूर्वी कोच गेला की भरती केलेली मुलं पांगायची आणि संघ सावरायला तीन वर्षं लागायची. आता कोच बदलला की खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये (युनिव्हर्सिटी बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत) उतरायला वेगळी मुदत मिळते, त्यामुळे संघ आठवड्यात रिकामा होतो, पण तितक्याच वेगाने भरताही येतो. २०२४ च्या टूर्नामेंटमध्ये ओकलंडकडून हरल्यावर केंटकीचे चाहते कोच जॉन कॅलिपारीवर उखडले होते, पण बायआउट सुमारे ३.३ कोटी डॉलर. युनिव्हर्सिटीने त्याला ठेवायचं जाहीर केलं. मग तो स्वतःच आर्कान्सासला गेला आणि केंटकीची रक्कम वाचली. नवा कोच मार्क पोपच्या हाती संघ आला तेव्हा स्कॉलरशिपवरचा एकही जुना खेळाडू उरला नव्हता. त्याने अख्खा संघ नव्याने उभा केला आणि २०२५ ला स्वीट सिक्स्टीन गाठलं.

कलम_सात

वेग वाढला, खर्चही वाढला. जुलै २०२५ पासून युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी कमाल सुमारे २.०५ कोटी डॉलर. बायआउट या मर्यादेत मोजला जात नाही, पण बहुतेक वेळा खिसा त्याच देणगीदारांचा असतो. इंडियानाने २०२१ मध्ये आर्ची मिलरला काढताना १ कोटीहून जास्त रक्कम खासगी देणग्यांतूनच उभी केली. आज तेवढ्या पैशात चांगला सेंटर आणि पॉइंट गार्ड दोन्ही मिळतील.

साइडलाइन

रिबाउंडर, तुमची तिसरी अट टेक्सासने दहा वर्षांनी पाळली. मार्च २०२५ मध्ये फर्स्ट फोरमध्ये ते झेवियरकडून ८६-८० हरले. चारच दिवसांनी त्यांनी रॉडनी टेरीला काढलं आणि लगेच झेवियरचाच कोच शॉन मिलर आणला.

रिबाउंडर

हो, आणि टेरीने २०२२-२३ मध्ये, सीझन सुरू असतानाच संघ हाती घेऊन, एलीट एट गाठलं होतं. तरीही ही हकालपट्टी मला पटते, कारण त्या खुर्चीत कोण बसणार हे त्यांना माहीत होतं. २०१३ मध्ये मिनेसोटाला ते माहीत नव्हतं.