दहावीच्या सेंड-ऑफच्या मिस्साला आमच्या मुलाने प्रार्थना वाचावी का?

इंदोरा_मोतीबाग

जय भीम, नमस्कार.

मुलगा दहावीला आहे, नागपुरात सदर भागातल्या मुलांच्या कॅथलिक शाळेत. पहिलीपासून तिथंच. फेब्रुवारीत बोर्ड सुरू होईल, त्याआधी येत्या शनिवारी सेंड-ऑफ आहे. सकाळी आठला चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, आणि मग हॉलमध्ये नववीच्या पोरांचा कार्यक्रम.

मिस्साच्या वेळी पाच मुलं पाच प्रार्थना वाचणार आहेत. चार इंग्रजीत, एक मराठीत. मराठीची आमच्या मुलाकडे आली आहे, मराठीच्या मॅडमनीच त्याचं नाव सुचवलं. सोबत घरी एक चिठ्ठी आली: आपला पाल्य प्रार्थनेत भाग घेण्यास आपली संमती आहे का, खाली सही करावी.

ती चिठ्ठी तीन दिवसांपासून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. मी रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये फिटर आहे. माझी सही करायची तयारी आहे, अडलंय ते आईपाशी. आई पंच्याहत्तर वर्षांची. १४ ऑक्टोबर १९५६ ला पाटणसावंगीहून बापाच्या खांद्यावर बसून ती दीक्षाभूमीवर आली होती. तिला त्या दिवसाचं दोनच गोष्टींचं आठवतं, चहूकडे पांढरे कपडे आणि लागलेली तहान. चिठ्ठी वाचून दाखवली तर म्हणाली, "काहून रे, पोराले तिथं हात जोडायले लावतीन का? आपण सोडलं ते सोडलं."

मी म्हटलं, आई, दहा वर्षं झाली, पोरगा असेंब्लीत 'अवर फादर' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणून राहिला, तेव्हा तू काही बोलली नाहीस. तर म्हणे, "तेव्हा सगळ्यायसोबत म्हणे. आता एकटा म्हणन, माइकवर." हा फरक मलाही खरा वाटला. तेव्हापासून मी गप्प आहे.

मुलाला मात्र वाचायचंय, आणि त्याचं कारण वेगळं आहे. आठवीपर्यंत त्याच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचा हजेरी क्रमांक २३, आमच्याचा २४. त्याचे वडील आजारी पडले, पोरगं शाळा सोडून कामठी रोडवर पंक्चरच्या दुकानात लागलं. नववीत आमच्याचा नंबर २३ झाला. पहिल्या दिवशी घरी येऊन आमचा मुलगा जेवला नव्हता, हे मला नंतर बायकोकडून कळलं. त्याचं म्हणणं, सेंड-ऑफला त्या मित्राला कोणी बोलावणार नाही, निदान त्याचं नाव तरी तिथं घेतलं गेलं पाहिजे.

त्यानं लिहिलेला मजकूर असा आहे: "हे प्रभू परमेश्वरा, आम्हा सर्व विद्यार्थ्यांना उज्ज्वल भविष्य दे, आणि परिस्थितीमुळे शाळा सोडून गेलेल्या आमच्या मित्राला सुखी ठेव." शेवटी त्याला "सब्बे सत्ता सुखी होन्तु" (सर्व प्राणी सुखी होवोत) ही आपली पाली ओळ म्हणायची आहे, म्हणजे आजीलाही बरं वाटेल. हे चालेल का? तिथं गुडघे टेकावे लागतात का? आणि ज्याला आपण मानत नाही त्याला हाक मारून पोरानं मागणं मागायचं, हे दोन्ही बाजूंनी खोटं तर होत नाही? तिथं शिकलेल्या कोणी नीट सांगितलं तर फार उपकार होतील.

सदरचा_कॉयरवाला

भाऊ, मी कॅथलिक, अशाच शाळेतली १९९२ ची दहावी. अजूनही रविवारी कॉयरमध्ये गिटार वाजवतो.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण उत्तर सोपं आहे आणि बऱ्याच कॅथलिक मुलांनाही ते ठाऊक नसतं. त्या प्रार्थनेत वाचणारा देवाशी बोलतच नाही. तो बाकांवर बसलेल्या लोकांशी बोलतो. "अमक्यांसाठी आपण प्रार्थना करू या" एवढंच त्याचं काम. मग सगळे मिळून "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणतात, आणि पाचही झाल्यावर देवाला उद्देशून शेवटची प्रार्थना फादर करतात. तुमचा मुलगा कोणासाठी ते सांगेल, मागतील बाकीचे. म्हणून "हे प्रभू परमेश्वरा" ही सुरुवात मुळातच तिथली नाही, ती काढून टाका. यात खोटं काही उरत नाही.

गुडघे टेकायची सक्ती नाही. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, एवढं पुरे. क्रूसाची खूण करायची नाही, दाराशी पाणी असतं त्यात बोटं बुडवायची नाहीत. बायबलमधले उतारे कॅथलिक मुलं वाचतील, ती तुमची जबाबदारी नाही.

जपायचं ते ख्रिस्तप्रसादाच्या रांगेला. ते फक्त कॅथलिकांसाठी असतं, आणि होतं असं की बाकावरची पोरं उठली की शेजारचाही उठून मागे लागतो. आमच्या सेंड-ऑफला माझा एक जिवलग मित्र असाच गेला. हातात नाण्याएवढी पातळ पांढरी भाकर पडली, काय करावं कळेना, त्यानं ती शर्टच्या खिशात ठेवली. आमच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर असतं, खिशात ठेवायची वस्तू नव्हे. फादर खाली आले, हळू आवाजात त्याच्याकडून परत मागून घेतली आणि स्वतः खाल्ली. कोणी रागावलं नाही, पण पोरगा कार्यक्रमात एक शब्द बोलला नाही, फोटोतही मागे जाऊन उभा राहिला. आम्ही कोणीच त्याला आधी सांगितलं नव्हतं, ही आमची चूक होती आणि मला ती अजून लागते. तुमच्या मुलाला सांगा, रांग लागली की जागेवर बसून राहा. उठावंच लागलं तर दोन्ही हात छातीवर दुमडून जायचं, मग फादर फक्त आशीर्वाद देतात.

माझे वडील शाळेत होते तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक धर्मगुरूंची मोठी सभा), साठच्या दशकात, लोकांच्या भाषा आत आल्या. आमच्या शाळेत तरीही सगळं इंग्रजीतच चालायचं. ती एक मराठी प्रार्थना तुमच्या मुलाच्या तोंडून येणार, याचा मला खरंच आनंद आहे.

निवृत्त_मराठीच्या_बाई

मी अशाच एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. सेंड-ऑफची कितीतरी भाषणं माझ्या हाताखालून गेली, म्हणून थोडं मजकुराबद्दल.

"उज्ज्वल भविष्य" काढा. दरवर्षी असतं, ऐकणारा कान तिथंच मिटतो. "परिस्थितीमुळे" हाही शब्द नको, त्यानं सगळं झाकलं जातं. तुम्ही इथं हजेरी क्रमांकाचं जे लिहिलंत, त्यावर मी थांबले. तेच त्याला लिहू द्या. दोन वाक्यांपेक्षा जास्त नको, चर्चमध्ये आवाज घुमतो, लांब वाक्याचं शेपूट ऐकू येत नाही. "करू या" म्हणण्याआधी एक श्वास घ्यायला सांगा.

मित्राचं नाव मात्र त्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मागे एका मुलानं भाषणात शाळा सोडून गेलेल्या सोबत्याचं नाव अगदी प्रेमानं घेतलं होतं. आठवड्यानं त्या सोबत्याची आई शाळेत आली, म्हणाली, आमची गरिबी माइकवर का सांगितली? ती बाई बरोबर होती.

पाली ओळ मिस्सामध्ये नको असं माझं मत आहे. ती कमी आहे म्हणून नाही. ती तुमच्या घरची पूर्ण प्रार्थना आहे, दुसऱ्याच्या प्रार्थनेला शेपटासारखी जोडली की तिचाही मान जातो. हॉलमधल्या कार्यक्रमात त्यानं ती म्हणावी, अर्थ सांगून म्हणावी, तिथं सगळे ऐकतील.

आणखी एक. त्या मित्राला सतरा नंबरचा फॉर्म भरता येईल. शाळा सुटलेल्या मुलाला खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं, बोर्डाकडे ऑनलाइन नोंदणी होते. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो त्याच्या घरी आहे की हरवलाय ते आत्ताच विचारा. या वर्षीची मुदत गेली, पण पुढच्या वर्षाची तारीख डोळ्यांत तेल घालून पाहा. मराठीसाठी मी शिकवीन, पैसे नको.

बेझनबागचा_वकील

जय भीम दादा. मीही बौद्ध, मीही अशाच शाळेचा. आमच्या वेळी चिठ्ठी वगैरे काही आली नव्हती. आम्ही सहा-सात जण मागच्या दाराशी उभे राहिलो, काय चाललंय ते कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तो तास मला परका गेला.

म्हणून आईंना एक सांगा. ती चिठ्ठी म्हणजे नुसती पद्धत नव्हे. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. ज्यांच्या हातून त्यांनी १९५६ ला दीक्षा घेतली, तेच त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. "पोराले लावतीन का" या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर २६ जानेवारी १९५० पासून लिहून ठेवलेलं आहे: नाही लावू शकत.

पण आईंचा मुद्दा मला हलका वाटत नाही. माइकवर एकटं बोलणं वेगळंच. सही करण्याआधी मुलाला एकदा बाजूला घेऊन विचारा, मित्रासाठी वाचतोस की मॅडमना नाही म्हणवत नाही म्हणून? दुसरं असेल तर सही करू नका. मॅडमना वाईट वाटणार नाही, आणि वाटलं तरी चालेल.

इंदोरा_मोतीबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचा निरोप मुलाला वाचून दाखवला.

वकीलसाहेब, तुम्ही सांगितलं तसं विचारलं. गच्चीवर नेलं आणि विचारलं. तो म्हणाला, "बाबा, मॅडमनी दुसऱ्याला दिलं असतं तरी मी मागून घेतलं असतं." काल संध्याकाळी आम्ही दोघं कामठी रोडला गेलो. पोरगा ट्रकच्या टायरपाशी बसून ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. आमच्याला पाहून हात पुसायला उठला, पण काळे हात लपवायला जागा सापडेना. माझ्या मुलानं सरळ हात पुढे केला. नावाचं विचारलं तर तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "नाव नको घेऊ. नंबर घे." दाखला त्याच्या आईकडे ट्रंकेत आहे, लॅमिनेट केलेला. सतरा नंबरचं ऐकून दुकानाचे मालकच म्हणाले, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी देतो.

आता मजकूर असा झालाय:

"आमच्याबरोबर पहिलीला आलेल्या, पण आज आमच्याबरोबर बाहेर न पडणाऱ्या मुलांसाठी. आठवीपर्यंत हजेरीत तेवीस नंबरला 'प्रेझेंट सर' म्हणणाऱ्या आमच्या मित्राला पुन्हा वह्या-पुस्तकं हातात घेता यावीत, म्हणून आपण प्रार्थना करू या."

आईला कलमाचं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "बाबासाहेबाच्या घटनेत हाय?" हाय म्हटलं. मग मुलाला समोर बसवून ते दोन्ही वाक्यं म्हणायला लावली. ऐकल्यावर म्हणाली, "हे तं आपलंच हाय. मीबी येतो." चिठ्ठीवर सही झाली. १४ ऑक्टोबरला नेसते ती पांढरी साडी तिनं इस्त्रीला दिली आहे. चपला दारात काढायच्या का, तेवढं विचारायला सांगितलंय तिनं.

सदरचा_कॉयरवाला

चपला घालूनच या म्हणावं. सकाळी आत गार असतं, शाल आणा. मी पावणेआठला दाराशी उभा असेन, आजींना उजवीकडे पुढून तिसऱ्या बाकावर बसवतो, तिथून माइक समोर दिसतो.